सतरा सप्टेंबरनंतरचे वीस दिवस

गेल्या ऑक्टोबरात, म्हणजे 2025 साली, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान यांच्यात सीमेवर चकमकी सुरू झाल्या तेव्हा आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर एक निरोप फिरला: शत्रूचा शत्रू तो आपला मित्र. खाली टाळ्यांची रांग लागली. त्याआधी एप्रिलमध्ये, पहलगामनंतर, याच गटावर पाकिस्तानी दुकानातून किराणा घेऊ नका असं आवाहन आलं होतं आणि त्याला मीही होकार दिला होता. पहलगामला सव्वीस जणांना मारलं. त्यांत डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची माणसं होती. तो राग खरा होता, आजही आहे. पण त्या रागाच्या भरात आपण इथे, फ्रीमॉन्टमध्ये, नेमकं कोणाकडे पाठ फिरवली, हे मला उशिरा कळलं. त्याबद्दल लिहिते आहे.

फ्रीमॉन्टच्या सेंटरव्हिल भागाला लोक 'लिटल काबूल' म्हणतात. 1979 च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि पुढची सगळी वर्षं तिथली कुटुंबं इथे येत राहिली. तिथल्या एका नानवाईकडे मी दर शनिवारी जाते. मी भारतीय म्हटल्यावर हा माणूस हातातलं काम टाकून चहा देतो. हेरातजवळचं सलमा धरण, काबूलची संसद, झरंज ते देलाराम रस्ता, भारताने काय काय बांधलं ते त्याला पाठ आहे. मला बरं वाटायचं. मग एकदा लक्षात आलं, की पाकिस्तानी गिऱ्हाईक आलं की तो मान वर करत नाही. पैसे मोजून घेतो, नान कागदात गुंडाळून पुढे सरकवतो, बस. त्याचे चुलतभाऊ चाळीस वर्षं पेशावरात राहिले होते. 2023 च्या अखेरीला पाकिस्तानने कागदपत्रं नसलेल्या अफगाणांना बाहेर काढायला सुरुवात केली, तेव्हा तेही सीमेवरच्या तोरखमच्या फाटकातून अफगाणिस्तानात परत गेले. सोबतची मुलं पेशावरात जन्मलेली, त्यांनी तो देश कधी पाहिलाच नव्हता.

पाकिस्तान्यांना विचारा, ते म्हणतील, लाखो निर्वासित आम्ही सांभाळले आणि बदल्यात आमच्या बाजारात स्फोट झाले. हे भांडण आजचंही नाही. 1947 च्या सप्टेंबरात पाकिस्तानला संयुक्त राष्ट्रांत घ्यायच्या विरोधात एकच मत पडलं, ते अफगाणिस्तानचं. कारण 1893 साली इंग्रजांनी आखलेली डुरंड रेषा काबूलने मनापासून कधी मानली नाही. आणि आपण फार वेगळे वागलो असंही नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये काबूल तालिबानच्या हाती पडलं, तेव्हा भारताने अफगाणांना आधी दिलेले व्हिसा रद्द केले. भारतात शिकणारे, सुट्टीला घरी गेलेले विद्यार्थी तिकडेच अडकले. नानवाईने हे मला एकदाच सांगितलं, चहाचा कप पुढे करत, अगदी हळू आवाजात. त्याच्या चहात माझ्यावरची माया होती, पण पाकिस्तानवरचा रागही होता. आपल्या टाळ्यांतही अफगाणांवरचं प्रेम कुठे होतं?

त्याच दुकानात रांगेत माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या. फोनवर बोलत होत्या. 'हौ', 'नक्को', 'कायकू' हे शब्द कानावर पडले आणि मी चमकले. हे लाहोरचं उर्दू नव्हे, हे तर माझ्या माहेरच्या गल्लीतलं बोलणं. बोलता बोलता कळलं, त्या कराचीच्या, तिथल्या हैदराबाद कॉलनीत वाढलेल्या. त्यांच्या नानी लातूरच्या. आपण गटावर ज्या 'पाकिस्तानी लोकां'बद्दल बोलत होतो त्यांत ह्या बाई होत्या.

माझं गाव औसा तालुक्यातलं. माझी आजी रझाकाराच्या काळात दोन लेकरं घेऊन हैदराबाद संस्थानाची सरहद्द ओलांडून बार्शीच्या कॅम्पात गेली होती. ती गोष्ट आम्ही शंभर वेळा ऐकली. रात्रीची बैलगाडी, चाकांना गुंडाळलेली पोती, रडणाऱ्या लेकराच्या तोंडावर धरलेला हात. निजामाच्या बाजूच्या या रझाकारांनी गावागावांवर खंडणी बसवली, दिली नाही तर लुटलं, जाळलं, माणसं मारली, बायकांवर हात टाकले. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचाच वकील. आजी आम्हाला झोपवताना 'रोहिला येईल' म्हणायची. निजामाच्या मुलखात रोहिले, पठाण, अरब शिपाईगिरी करत आणि व्याजाने पैसे देत. वसुलीला दारात बसले की उठत नसत. अफगाण म्हणजे दारात बसलेला सावकार आणि मुसलमान म्हणजे रझाकार, हे समीकरण मराठवाड्यातल्या पोरांच्या मनात शाळेत जायच्या आधी पक्कं होत असे. माझ्याही झालं होतं.

पण आजीची गोष्ट एका ठिकाणी थांबायची. 13 सप्टेंबर 1948 ला भारताच्या फौजा आल्या, 17 सप्टेंबरला निजाम शरण आला, आम्ही गावी परतलो. मग? 'मग लई वंगाळ झालं बघ,' एवढं म्हणून ती उठून जायची.

काय वंगाळ झालं, ते मी पन्नाशीत वाचलं. या कारवाईनंतर, म्हणजे पोलीस अॅक्शननंतर, नेहरूंनी पाठवलेलं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचं शिष्टमंडळ 1948 च्या अखेरीला संस्थानात फिरलं. सूड म्हणून मारल्या गेलेल्या मुसलमानांची संख्या त्यांनी 27 ते 40 हजार अशी अंदाजली. सगळ्यांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते, बाकीचे दोन गुलबर्गा आणि बीदर. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. लातूर शहराबद्दल अहवाल सांगतो, की तिथे कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली. दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्तीपैकी शिष्टमंडळाला जेमतेम तीन हजार सापडले. हजारावर मारले गेले, बाकीचे परागंदा झाले. त्यांतले बरेच आजीच्या ओळखीचे असणार. बांगड्या भरणारा, पानं विकणारा, पिंजारी. हा अहवाल दशकानुदशकं लोकांसमोर आला नाही.

निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाशी याची बरोबरी करू नका, असं आपल्यातले ज्येष्ठ म्हणतील. मी बरोबरी करत नाही. स्वामी रामानंद तीर्थांचा लढा न्यायाचा होता आणि त्याबद्दलचा माझा अभिमान तसूभर कमी झालेला नाही. उलट तो लढा केवळ हिंदूंचा होता असं मानणं हाच त्याचा अपमान आहे. संस्थानाने भारतात विलीन व्हावं असं लिहिणारा 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खान याला रझाकारांनी ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत मारलं. आणि त्याच सुंदरलाल अहवालात हेही आहे, की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, आणि वाचवताना स्वतःचे जीव गमावले. हे आपण आपल्या मुलांना सांगत नाही. सांगायला लागलो तर वीस दिवसही सांगावे लागतील, म्हणून दोन्ही गाळतो. कासिम रझवी मात्र सगळ्यांना ठाऊक. तो 1957 साली तुरुंगातून सुटून पाकिस्तानात गेला आणि 1970 मध्ये कराचीत वारला. त्याच्या शहरातल्या, त्याच्या नावाची किंमत मोजलेल्या माणसांचं काय झालं, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

रोहिल्यांचीही उरलेली गोष्ट आहे. पोलीस अॅक्शननंतर पिढ्यान्‌पिढ्या दख्खनेत राहिलेले अरब आणि पठाण एकाएकी परके ठरले. कित्येकांना पकडून ठेवलं, देशाबाहेर पाठवायचे प्रयत्न झाले, आणि ते कोणत्या देशाचे यावर वर्षानुवर्षं कागद हलत राहिले. हे वाचताना मला तोरखमच्या फाटकापुढची रांग दिसते.

दोन्ही बाजू आठवायच्या असतात, हे नांदेडच्या मंडळींना तर वेगळं सांगायला नको. गोदाकाठी 1708 साली गुरू गोविंदसिंहांवर खंजिराचा वार करणारा पठाण होता, हे सचखंड गुरुद्वाऱ्याच्या आवारात वाढलेल्या प्रत्येक पोराला माहीत असतं. पण माछीवाड्याच्या जंगलातून गुरूंना पालखीत बसवून मोगलांच्या वेढ्यातून बाहेर काढणारे नबी खान आणि गनी खान, तेही पठाणच, असं शीख परंपराच सांगते. गुरूंच्या दरबारातला कवी भाई नंदलाल गझनीहून आलेला. शिखांनी वार करणारा लक्षात ठेवला आणि वाचवणारेही लक्षात ठेवले. आपल्याला 1948 बाबत हे का जमू नये? लक्षात ठेवावं असं आपल्या इतिहासातही आहे: उदगीरला 1760 मध्ये पेशव्यांच्या भाऊसाहेबांच्या बाजूने तोफा चालवणारा इब्राहिमखान गारदी पुढच्याच वर्षी पानिपतावर अफगाणांच्या हातून मेला, पेशव्यांची बाजू न सोडता.

पाकिस्तानच्या लष्कराने किंवा तालिबानने काय केलं ते विसरा, असं मी म्हणत नाही. विसरायला सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मी म्हणते ते एवढंच, की आठवायचंच आहे तर पुरतं आठवा. आजीने जिथे गोष्ट थांबवली तिथून पुढची गोष्ट आपल्याला माहीत असती, तर मी त्या गटावरच्या आवाहनाला होकार देण्याआधी क्षणभर थांबले असते. कारण ज्यांना आपण टाळायला निघालो होतो त्यांच्यातली काही आपल्याच गावातून पळालेली माणसं आहेत.

त्या बाईंनी मला त्या दिवशी एक प्रश्न विचारला. नानी सांगायच्या, लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, ते खरं का? कराचीत सगळे नानींना हसायचे म्हणे, एवढे रस्ते एका चौकात कुठे असतात! मी म्हटलं, खरं आहे, सोळाच आहेत. त्या काही बोलल्या नाहीत. नानवाई आमच्याकडे पाहत होता. त्याने त्या दिवशी दोन कप भरले.

यंदाचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा कार्यक्रम ठरवायला कार्यक्रम समिती पुढच्या रविवारी बसणार आहे. दरवर्षीसारखं ध्वजवंदन व्हावं, हुतात्म्यांची नावं घ्यावीत, बार्शी-उमरखेडच्या कॅम्पांची गोष्ट सांगावी. त्यानंतर मला दहा मिनिटं हवी आहेत, लातूरच्या त्या वीस दिवसांसाठी आणि त्या विणकरांसाठी. आणि पुढच्या ओळीत एक खुर्ची राखून ठेवा. त्या बाईंना मी बोलावलं आहे.