वेळासचे पाहुणे

कुलदैवताच्या दर्शनासाठी अथवा मूळ गाव पाहण्यासाठी बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील आपली कुटुंबे अधूनमधून कोकणात जातात. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास असा योग येत असेल, तर थोडी वाट वाकडी करून वेळासला जावे, असे आम्ही सुचवितो. मात्र तेथे जाताना एक गोष्ट घरूनच ठरवून निघावी लागते. ती कोणती, हे वेळासची हकीकत ऐकल्यावर आपोआप ध्यानी येईल.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील, बाणकोटच्या खाडीजवळचे लहानसे गाव. नाना फडणविसांच्या घराण्याचे मूळ गाव म्हणून आपल्यापैकी अनेकांनी त्याचे नाव ऐकले असेल. येथील वाळूत साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे अंडी घालण्यास येतात. मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर चढते, मागील पायांनी सुमारे हातभर खोल खड्डा करते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा ती त्या घरट्याकडे फिरकत नाही. पुढील पन्नास-पंचावन्न दिवस वाळूची ऊबच त्या अंड्यांची माता. पिल्लू नर होणार की मादी, हेही ती ऊबच ठरविते; वाळू अधिक तापली तर माद्या अधिक, थंड राहिली तर नर अधिक.

अशा निराधार घरट्यांवर कोल्ह्याकुत्र्यांचा डोळा असतो आणि माणसाचाही होता. अंडी काढून खाणे वा विकणे ही किनाऱ्यावरची जुनीच रीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला सर्वोच्च संरक्षण दिले आहे; पण कायद्याचे पुस्तक रात्री किनाऱ्यावर राखणीस बसत नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी या भागात फिरत असता त्यांना कासवांच्या अंड्यांची टरफले आढळली. २००२ साली त्यांनी वेळासला काम सुरू केले. गावाला दोष देत न बसता त्यांनी गावातील माणसांनाच राखणीस घेतले, यात त्यांचे शहाणपण दिसते. घरटे कोठे असेल हे किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाइतके दुसऱ्या कोणास कळणार? पहिल्याच वर्षी ५० घरटी राखली गेली आणि २,७३४ पिल्ले समुद्रात गेली. पुढे वनखात्याने हे काम हाती घेतले आणि कोकणातील इतर किनाऱ्यांवरही ते पसरले.

या राखणदारांना ‘कासवमित्र’ म्हणतात. नाव गोड असले तरी काम कष्टाचे आहे. ऐन थंडीत उजाडण्यापूर्वी सारा किनारा पायी तुडवावयाचा, वाळूवर उमटलेला कासवाचा माग ओळखावयाचा, घरटे शोधून अंडी उलटीपालटी न होतील अशा बेताने काढावयाची आणि जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीचा, त्याच आकाराचा खड्डा करून त्यात ठेवावयाची. वर पाटी लावून तारीख आणि अंड्यांची संख्या लिहावयाची. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालून सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहावयाची. या कामाला रविवार नाही, सणवार नाही.

२००६ पासून येथे कासव महोत्सव भरू लागला आणि पाहुण्यांची सोय गावातील घरांतूनच होऊ लागली. त्यायोगे चार पैसे गावात आले, आणि विकलेल्या अंड्यापेक्षा राखलेले अंडे अधिक मोलाचे ठरले. म्हणूनच वेळासला गेल्यावर गावातल्याच घरी उतरावे, पानात पडेल ते आनंदाने जेवावे आणि पैशांची घासाघीस करू नये. या कामास आपला पहिला हातभार तोच होय.

दुसरा हातभार संयमाचा. पिल्ले उजेडाकडे धावतात. मोकळ्या किनाऱ्यावर समुद्राची बाजूच अधिक उजळ असते, म्हणून त्यांना वाट सापडते. तेथे कोणी विजेरी किंवा छायाचित्रासाठी दिवा चमकविला की ती भलतीकडे वळतात. आपल्या पावलांचे खळगेही त्या बोटभर जिवांना विहिरीएवढे. तेव्हा दोरीच्या अलीकडे उभे राहावे, पिल्लू हातात घेण्याचा हट्ट करू नये, मुलांनाही तो करू देऊ नये. ‘बिचारी दमतील, उचलून पाण्यात सोडा,’ असे दयेने म्हणणारेही भेटतात. परंतु वाळूवरून ती चार पावले त्यांनी स्वतः चालावीत, म्हणूनच कासवमित्र त्यांना पाण्यापासून काही अंतरावर सोडतात.

गोव्यातील आमच्या वाचकांना यासाठी वेळासपर्यंत जाण्याचीही गरज नाही. मोरजी, आगोंद, गालजीबाग येथे हीच कासवे येतात आणि तेथेही राखण चालते. मात्र किनाऱ्यालगतच्या हॉटेलांचे दिवे आणि रात्रीचा गोंगाट यांचा प्रश्न तेथे मोठा आहे. आपण कोणत्या हॉटेलात उतरतो आणि तेथे दिवे मालविण्याविषयी शब्द टाकतो की नाही, यालाही महत्त्व आहे.

एवढ्याशा किनाऱ्यासाठी हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. २०२१ मध्ये ओडिशातील गहिरमाथा येथे खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा दोन्ही तिचेच! दोन मुलखांत घर असणे म्हणजे काय, हे आपल्या कुटुंबांना निराळे सांगावयास नको. राखलेले एक घरटे एका गावाचे राहत नाही, ते साऱ्या समुद्राचे होते. त्यातही हजार पिल्लांतून एखादेच मोठे होते असे मानतात. म्हणून एकही घरटे फुकट दवडण्याची चैन परवडणारी नाही.

आता घरून ठरवून निघावयाची ती गोष्ट. टोपली उचलल्यावर त्या दिवशी खाली नुसती वाळूच असू शकते. मग पाहुणे कुरकुरतात, आणि पाहुण्यांस काहीतरी दाखविलेच पाहिजे असा भार कासवमित्रांवर पडतो. पिल्ले दिसली तर पाहू, न दिसली तर समुद्र पाहून आनंदाने परत येऊ, असे मुलाबाळांसह आधीच ठरवावे. ज्याला एवढे जमेल, त्याने वेळासला अवश्य जावे.