वर्ण : गव्हाळ

टोनी मॉरिसनची 'द ब्लूएस्ट आय' ही पहिली कादंबरी १९७० सालची. या वीकेंडला परत वाचून काढली. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या लोरेन गावची ११ वर्षांची पिकोला. काळी. घरीदारी, शाळेत, सगळीकडून तिला एकच कळत जातं की आपण कुरूप आहोत. मग ती देवाकडे निळे डोळे मागते. शेवटी वेड लागतं, तेव्हा तिला वाटतं की मिळाले डोळे!

आता तुम्ही म्हणाल, ह्याचा आपल्या जालन्याशी काय संबंध? सांगतो.

आपल्याकडे डीटीपीच्या दुकानात लग्नाच्या बायोडेटाची तयार फाईल असते. नाव, जन्मवेळ, रास, उंची आणि... 'वर्ण'. त्यापुढे गोरा, निमगोरा, फार तर गव्हाळ. 'सावळा' असं लिहिलेला बायोडेटा माझ्या तरी पाहण्यात नाही. मुलगी सावळी असली की 'गव्हाळ' टाकायचं, नाहीतर जागा कोरी सोडायची. विठ्ठल मात्र सावळाच हवा!

२०२० साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर रान पेटलं, त्याची धग इथवर आली. शादी डॉट कॉमने रंगाचा फिल्टर काढला, फेअर अँड लव्हलीचं ग्लो अँड लव्हली झालं. चांगलंच झालं. पण आम्हा प्रोग्रॅमर लोकांना पक्कं माहीत असतं, स्क्रीनवरून बटण काढलं म्हणून मागचा डेटा पुसला जात नाही.

आणि तो डेटा भरला जातो घरात. गरोदर बाईला केशर घातलेलं दूध, कशासाठी? बाळ गोरं व्हावं म्हणून. पोरगी जरा मोठी झाली की 'उन्हात जाऊ नको, काळी पडशील'. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं हो. पण पोरगी तीच फूटपट्टी उचलते आणि जन्मभर स्वतःला मोजत बसते. बाहेरचा कुणी चिडवायला लागतच नाही मग.

स्टार प्रवाहवर २०१९ ते २०२३ 'रंग माझा वेगळा' ही मालिका चालली. नायिका दीपा सावळी, हाच मुळी विषय. भूमिका केली रेश्मा शिंदेने, मेकअपने रंग गडद करून. अभिनयाबद्दल तक्रार नाही. पण सावळ्या मुलीची भूमिकासुद्धा सावळ्या मुलीला मिळत नसेल तर पडद्यासमोर बसलेल्या पोरीने काय समजायचं? शिवाय आपल्या अशा गोष्टींतली नायिका कायम गुणांची पुतळी. म्हणजे रंगाची भरपाई गुणांनी करायची! फूटपट्टी तिथेच, फक्त ग्रेस मार्क दिले.

मॉरिसन ग्रेस मार्क देत नाही. म्हणून ती वाचताना त्रास होतो, आणि म्हणूनच ती वाचावी. तिच्या कादंबरीत क्लॉडिया नावाची आणखी एक काळी मुलगी आहे. भेट मिळालेली निळ्या डोळ्यांची गोरी बाहुली ती मोडून टाकते, लोकांना हिच्यात एवढं काय दिसतं ते बघायला. तिच्या घरी गरिबी आहे, आई कडक आहे, पण माया आहे. पिकोलाकडे तेवढंच नाही. मला वाटतं सगळा फरक इथे पडतो.

तेव्हा मंडळी, घरात कुणाचा बायोडेटा करायचा असेल तर 'वर्ण'ची ओळ डिलीट करा. मुलगी गोरी असली तरी. किंबहुना गोरी असली तर आधी करा.