प्रार्थना आणि औषधोपचार

व्यसनातून सुटलेला एखादा मनुष्य ‘ख्रिस्ताने मला वाचविले’ असे सांगू लागला की आमच्या सुशिक्षित वर्गाचे दोन तट पडतात. एक तट तत्काळ हात जोडतो आणि डॉक्टरांची चिठ्ठी केराच्या टोपलीत टाकावयास मोकळा होतो. दुसरा गालातल्या गालात हसतो आणि त्या मनुष्याचे पुढचे बोलणे ऐकूनच घेत नाही. आमच्या मते दोन्ही वृत्ती सारख्याच आळशी आहेत. प्रत्यक्षात घडले काय आणि ते कसे घडले, हे विचारण्याची तसदी दोघांपैकी कोणीच घेत नाही.

या बाबतीत एक इतिहास सर्वांना उपलब्ध आहे. १९३४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या टाउन्स रुग्णालयात बिल विल्सन नावाचा, शेअरबाजारात वावरलेला आणि दारूपायी धुळीस मिळालेला गृहस्थ दाखल झाला. ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या ख्रिस्ती मंडळीच्या सहवासाने दारू सुटलेल्या एका जुन्या मित्राने त्याला प्रार्थनेची वाट दाखविली होती. रुग्णालयात त्याला एक विलक्षण अनुभूती आली आणि त्यानंतर त्याने मरेपर्यंत दारूला स्पर्श केला नाही. भक्तिकथा एवढ्यावर संपली असती. परंतु १९३५ च्या मे महिन्यात ओहायोतील ॲक्रन शहरी व्यवहार फसून तो हॉटेलात एकटा पडला. एका बाजूस मद्यगृह, दुसऱ्या बाजूस टेलिफोन आणि चर्चांची यादी. त्याने टेलिफोन उचलला. त्याला उपदेशक नको होता. आपल्यासारखाच दुसरा एखादा दारुडा हवा होता.

अशा रीतीने त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यवैद्याशी पडली. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. हे डॉक्टर दोनएक वर्षे त्याच ऑक्सफर्ड ग्रुपच्या बैठकांना नियमाने जात होते, बायबल वाचीत होते, प्रार्थना करीत होते, आणि पीतही होते. श्रद्धा तीच, प्रार्थना तीच. उणीव होती ती समदुःखी माणसाची. ती भरून निघाली, आणि १० जून १९३५ हा दिवस डॉ. बॉबच्या अखेरच्या पेल्याचा व ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संस्थेच्या जन्माचा दिवस मानला जातो.

या संस्थेच्या बारा पायऱ्यांत ख्रिस्ती परंपरेचे ऋण उघड दिसते. स्वतःच्या दोषांची झडती, दुसऱ्या माणसापुढे त्यांची कबुली, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई, आणि प्रार्थना. मात्र संस्थेतील अश्रद्ध सभासदांनी भांडून एक गोष्ट पदरात पाडून घेतली : ईश्वर ज्याला जसा उमजेल तसा. या एका सवलतीमुळे हा मार्ग चर्चच्या दारातून बाहेर पडून जगभर गेला. १९५७ पासून तो आपल्या देशातही आहे. माळ घातली की दारू सुटते, हे पंढरीच्या वाटेवर पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या महाराष्ट्राला यात परके असे काय वाटावे? माळेबरोबर दिंडीही येते, आणि दिंडीतला मनुष्य एकटा नसतो.

मुंबईत फादर जो परेरा या कॅथलिक धर्मगुरूंनी १९८१ मध्ये वांद्र्यास ‘कृपा फाउंडेशन’ उभारले. बारा पायऱ्यांच्या जोडीला त्यांनी अय्यंगारांची योगासने आणली. त्यावरून भुवया उंचावणारेही निघाले असतील, पण रुग्णाला त्याचे काय?

आता पुराव्याविषयी. २०२० मध्ये कोक्रेन या विश्वसनीय समीक्षा-संस्थेने २७ अभ्यास व १०,५६५ व्यक्तींची माहिती तपासली. अखंड व्यसनमुक्ती टिकविण्याच्या बाबतीत या बैठकांकडे पद्धतशीर वळविणारे उपचार इतर मान्य उपचारांच्या तोडीस तोड, किंबहुना अधिक सरस ठरले. हसणाऱ्या तटाने हे आकडे वाचावेत. हात जोडणाऱ्यांनीही वाचावेत. कारण ते बैठका, सोबत आणि रोजची शिस्त यांच्याविषयी आहेत, एकट्या प्रार्थनेविषयी नव्हेत.

मनोविकाराचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि गफलत होते ती येथेच. ज्या बिल विल्सनची दारू ईश्वरकृपेने सुटली, तोच विल्सन १९४४ नंतर कित्येक वर्षे घोर नैराश्याने ग्रासलेला होता आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जात होता. त्याची श्रद्धा उणी पडली असे म्हणण्यास कोण धजेल? तरीही ‘श्रद्धा कमी म्हणून आजार’ हे निर्दय वाक्य आमच्याकडे प्रार्थनासभांत, मठांत आणि घराघरांत आजही ऐकू येते. ते ऐकून जो तरुण आपल्या गोळ्या बंद करतो, त्याचा विकार पुन्हा उलटू शकतो. अट्टल मद्यपीने एका रात्रीत, वैद्यकीय देखरेखीवाचून दारू सोडली तर झटके येऊन, वाताच्या भरात प्राणही जाऊ शकतो. व्यासपीठावर शपथ घेवविणाऱ्यास हे ठाऊक असते काय?

श्रद्धास्थानी मनोरुग्ण नेण्याची रीत सर्व धर्मांत आहे, आणि तिची दोन टोके इतिहासात नोंदलेली आहेत. बेल्जियममधील गील या गावी संत डिम्फ्नाच्या समाधीपाशी मध्ययुगापासून मनोरुग्ण येत. चर्चची खोली अपुरी पडली तेव्हा गावच्या शेतकऱ्यांनी त्यांना घरात ठेवून घेतले. १९३८ मध्ये अशा आश्रितांची संख्या साडेतीन हजारांहून अधिक होती, आणि आज तीच व्यवस्था आधुनिक रुग्णालयाच्या देखरेखीखाली चालते. दुसरे टोक आपल्या देशातले. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडीच्या दर्ग्याजवळील एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळदंडांवर स्पष्ट बंदी घातली. दोन्हीकडे श्रद्धा होतीच. एकीकडे लोकांनी रुग्णाला ताटावर बसविले, दुसरीकडे खांबाला बांधले.

आम्ही काही वर्षे शाळेत अध्यापन केले आहे. कोणत्या मुलाचा बाप पितो हे साऱ्या वर्गाला ठाऊक असे, पण कोणी बोलत नसे. ‘मध्यमवर्गीय’ घरांत तर हे मौन अधिकच घट्ट. बैठकीत जाऊन आपले नाव आणि आपला रोग दहा माणसांसमोर उच्चारणे, ही जी पहिली कबुली, ती या मौनावरच घाव घालते.

धर्मगुरूंच्या शिक्षणक्रमात मनोविकारांची प्राथमिक ओळख असावी, अशी आमची मागणी आहे. मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करण्यापूर्वी ‘गोळ्या चालू आहेत ना?’ एवढा प्रश्न त्यांनी अवश्य विचारावा. आणि सरकारी रुग्णालयांच्या ज्या विभागातून मद्यपी रुग्ण चार दिवसांनी घरी धाडले जातात, तेथील फलकावर जवळच्या बैठकीचा पत्ता व वार मराठीत लिहून ठेवण्यास फारसा खर्च येणार नाही.