एलडीएल शंभर म्हणजे निर्धास्त नव्हे

भोकरदन किंवा घनसावंगीहून जालन्याला तपासणीसाठी आलेल्या किडनीच्या रुग्णाची नजर रिपोर्टमधल्या एलडीएलवर थांबते. एकूण कोलेस्टेरॉल १८०, एलडीएल १००. हायसे वाटते. त्याच कागदावर ट्रायग्लिसराइड २५० आणि एचडीएल ३० असते, त्याबद्दल कुणी बोलत नाही. १८० मधून ३० वजा केले की उरतात १५०. हा ‘नॉन-एचडीएल’ आकडा एरवीही १३० च्या आत हवा. त्यासाठी वेगळी तपासणी नको, पैसा नको, एक वजाबाकी पुरते. किडनी मंदावली की ट्रायग्लिसराइड वाहणारे कण रक्तात रेंगाळतात आणि एलडीएलचे कण बारीक होतात. मोंढ्यात तोच माल पन्नास किलोऐवजी पंचवीस किलोच्या कट्ट्यांत भरला, तर वजन तेवढेच, कट्टे मात्र दुप्पट. एलडीएलचा आकडा वजन सांगतो; रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतात ते कट्टे. म्हणून माझे म्हणणे असे, की पन्नाशी ओलांडलेल्या किडनीच्या रुग्णाला स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध द्यायचे की नाही, हे कोलेस्टेरॉलवरून नव्हे, किडनीवरून ठरावे. ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात. २०११ च्या ‘शार्प’ चाचणीतल्या किडनीच्या ९,२७० रुग्णांचे सरासरी एलडीएल जेमतेम १०८ होते. तरी सिमव्हास्टॅटिन आणि इझेटिमाइब घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघातासारख्या घटना १७ टक्क्यांनी घटल्या.

‘आधीच मूठभर गोळ्या, त्यात ही आणखी एक; किडनीवर ताण नाही का येणार?’ ही भीती खरी आहे, तिला उत्तर द्यायलाच हवे. त्या चाचणीत या औषधांनी किडनी लवकर निकामी झाली नाही. ती वाचलीही नाही, हेही प्रामाणिकपणे सांगावे. गोळी हृदयासाठी आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार. डायलिसिसवरच्या रुग्णांवर झालेल्या २००५ च्या जर्मन चाचणीत आणि २००९ च्या ‘ऑरोरा’ चाचणीत स्टॅटिनचा ठोस फायदा दिसला नाही. पण यातून गोळी निरुपयोगी ठरत नाही, उशीर महागात पडतो एवढेच ठरते. डायलिसिसपर्यंत पोहोचलेले हृदय कॅल्शियम साचून, भिंती जाड होऊन वेगळ्याच कारणांनी थकलेले असते. आणि अनेक रुग्ण तर डायलिसिसची पाळी येण्याआधीच हृदयविकाराने जातात. म्हणून किडनीचा आजार लवकर सापडायला हवा. तिशीनंतर गावातल्या आरोग्य केंद्रात बीपी आणि शुगर तपासतात. त्यात दोष निघालेल्या प्रत्येकाचे क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रथिन त्याच आठवड्यात तपासले जावे, आणि कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट देताना नॉन-एचडीएलची ती वजाबाकी करून दाखवावी.