काचेच्या पेटीतील समुद्र

हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो. हौसेला शिस्त लागते हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. गेल्या पावसाळ्यात एका स्नेह्यांच्या घरी जाण्याचा योग आला. दिवाणखान्यात देव्हाऱ्याच्या थाटात मांडलेली काचेची पेटी, वर निळसर दिवा, आत खारे पाणी, दोन नारिंगी पट्टेरी मासे आणि त्यांच्यामध्ये पांढराफटक पडलेला प्रवाळाचा झुबका. ‘रंग उडाला, पण शोभून दिसतो,’ असे चिरंजीव म्हणाले. नुसता रंग उडाला नव्हता. प्राणी मेला होता आणि मागे त्याचे हाड राहिले होते. पेटी मांडून जेमतेम तीन आठवडे झाले होते. पाणी मिरामारच्या किनाऱ्यावरून बादलीने आणलेले. प्रवाळ कोठून आणला, या प्रश्नाला ‘एकाने दिला’ एवढेच उत्तर मिळाले.

कोणी म्हणेल, गोव्यापुढे प्रश्नांचा डोंगर उभा असताना अग्रलेखाची जागा शोभेच्या पेटीला कशाला? आमच्या मते हा प्रश्न शोभेचा नाही. या किनाऱ्यावर प्रवाळ मुळातच थोडा. मुरगावसमोरच्या ग्रांद बेटाच्या आसपास काही खडकांवर तो टिकून आहे, दक्षिण कोकणात मालवणपाशी आहे, आणि विजयदुर्गापासून शंभरएक किलोमीटर आत, कान्होजी आंग्रे यांचे नाव मिरविणाऱ्या आंग्रिया बँकेवर आहे. मांडवी-जुवारीचे गोडे, गढूळ पाणी दर पावसाळ्यात समुद्रात उतरते. त्यात प्रवाळाने तग धरावा हेच नवल. जेथे ठेवा असा तुटपुंजा, तेथे उपटलेला एकेक तुकडा मोजावा लागतो.

प्रवाळाला दगड समजण्याची आपली सवय जुनी. मंगळाचे रत्न म्हणून अंगठीत बसते ते तांबडे पोवळे बहुतांशी भूमध्य समुद्रातले. अठराव्या शतकात इटलीतील लिव्होर्नोचे यहुदी व्यापारी ते लिस्बनमार्गे गोव्यास पाठवीत आणि येथील सारस्वत व्यापारी त्याच्या बदल्यात हिरे धाडीत. खडक रचणाऱ्या प्रवाळाशी त्या पोवळ्याचे नाते दूरचे. पण ते पाहून पाहून ‘प्रवाळ म्हणजे खडा’ हे समीकरण मनात पक्के बसले. वास्तविक तो इवल्या इवल्या प्राण्यांचा गाव असतो. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते, ते सूर्यप्रकाशावर अन्न शिजवते आणि धन्याला वाटा देते. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जरी अधिक तापून तसेच राहिले, तरी हे भाडेकरू घर सोडतात आणि प्रवाळ पांढरा पडतो. २०२३ पासून जगभर जे विरंजन झाले ते असेच. २०२४ च्या उन्हाळ्यात आपल्या लक्षद्वीपलाही त्याने सोडले नाही.

तेव्हा ज्याला घरी प्रवाळ पाळावयाचा आहे त्याने आधी प्रवाळ विसरावा आणि पाणी पाळावयास शिकावे. बादलीतले मिरामारचे पाणी पावसाळ्यात अर्धे नदीचे असते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. घरी तेवढेच प्रमाण त्यासाठी मिळणारे तयार मीठ शुद्ध पाण्यात मिसळून साधावे लागते. स्वयंपाकघरातील मीठ चालत नाही. नळाचे पाणीही नको, आणि पिण्याच्या पाण्याची काही यंत्रे चवीसाठी खनिजे मुद्दाम मिसळतात, तेही नको. पेटी भरली की तिच्यात जिवाणूंचे घर वसावे लागते. माशांच्या मळमूत्रातून निघणारा अमोनिया विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट. या वसाहतीला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर पेटीत पाहण्यासारखे काही नसते. आमच्या चिरंजीवांची हार येथेच झाली. रिकाम्या पेटीकडे महिनाभर पाहत बसणे आजच्या पिढीला जड जाते. (आमच्या पिढीला जमले असते असेही नाही.)

पुढे रोजचे काम. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात; म्हणून घटलेली पातळी गोड्या पाण्याने भरायची, खाऱ्याने नव्हे. नवशिक्याची हमखास चूक हीच. पाणी २५ अंशांच्या आसपास हवे, आणि एप्रिल-मे महिन्यांत आपली घरे त्याहून किती तापतात हे कोणाला सांगावयास नको. म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र आले, त्याचे विजेचे बिल आले, आणि वीज गेली की बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आला. पेटी लहान घेतली की सोपे, हा समज उलटा आहे. २०० लिटरच्या पेटीत झालेली चूक हळूहळू भोवते, ३० लिटरच्या पेटीत रात्रीतून.

आता कायद्याची बाजू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या सूचीत २००१ साली खडक रचणारे सर्व पाषाणप्रवाळ घालण्यात आले. समुद्रपंखे आणि काळे प्रवाळही त्यात आहेत. वाघाला जी सूची, तीच यांना. गुन्हा सिद्ध झाल्यास किमान तीन वर्षे तुरुंगवास. मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाही यातून सुटत नाही, म्हणून पेटीतल्या रचनेसाठी सिरॅमिकचे सच्छिद्र दगड घ्यावेत. मऊ प्रवाळ विकत घेतानाही तो पेटीत वाढविलेला की खडकावरून ओरबाडलेला हे विचारावे, कागद मागावा, आणि विक्रेता हसू लागला तर रिकाम्या हाताने परतावे.

ओरबाडण्याचे कारणही उरलेले नाही. जाकार्तातील ली चिन एंग यांनी १९६१ सालीच जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर पेटीत प्रवाळ जगविल्याचे लिहिले. पुढे बर्लिनच्या डीट्रिख श्ट्यूबर यांनी आपल्या पेटीत शाखाप्रवाळ वाढवून त्याचे तुकडे इतर हौशी लोकांना वाटले. जास्वंदीची फांदी शेजारणीला द्यावी तशीच ही रीत. एक झाड अनेक अंगणांत जाते आणि रान शाबूत राहते. आपल्या घरात पाषाणप्रवाळापुरती ती वाट कायद्याने बंद आहे, आणि आजच्या घडीला ती बंद असावी हेच बरे. कारण घरी वाढविलेला कोणता आणि चोरलेला कोणता, हे ओळखण्याची सोय कोणापाशी नाही. ती सोय करणे सरकारचे काम. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलला आहे. तिच्या सल्ल्याने मत्स्योद्योग खात्याने एक सार्वजनिक पेटी उभारावी आणि शाळेच्या मुलांना तेथे जिवंत प्रवाळ पाहू द्यावा. वन खात्याने शोभेचे मासे विकणाऱ्या प्रत्येक दुकानात संरक्षित जातींचा सचित्र फलक मराठीत व कोकणीत लावावयास लावावा. खर्च फलकाचा आणि खिळ्यांचा.

स्नेह्यांच्या घरी परवा पुन्हा जाणे झाले. पांढरा झुबका दिसला नाही. तो काय केला, हे आम्ही विचारले नाही. पेटीत सिरॅमिकचे दगड, दोन गोगलगायी आणि काचेवर तपकिरी शेवाळाचा थर. शेजारी एक वही होती. तीत रोजची क्षारता, तापमान आणि अमोनिया असे तीन रकाने आखलेले. शेवटचा शून्यावर येऊन अकरा दिवस झाले आहेत. प्रवाळ केव्हा आणणार, असे आम्ही विचारताच चिरंजीवांनी आधी वही उघडली.