विश्लेषण : शाळेच्या व्हॅनची जबाबदारी नेमकी कोणाची?

सकाळी सातच्या सुमारास कोथरूड, धायरी किंवा वानवडीतल्या कुठल्याही सोसायटीच्या फाटकाशी उभे राहा. व्हॅन येते, दार सरकते, दप्तर आणि मूल आत जाते, ‘काका’ निघतात. पालकांच्या मोबाइलमध्ये काकांचा नंबर ‘व्हॅन काका’ म्हणून जतन केलेला असतो. त्यांचे पूर्ण नाव विचारले तर अनेकांना आठवावे लागते.

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस वानवडी परिसरात सहा वर्षांच्या दोन मुलींवर शाळेच्या व्हॅनमध्ये अत्याचार झाल्याची तक्रार आली आणि चालकाला अटक झाली. बदलापूरच्या घटनेला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. शहर हादरले, आंदोलने झाली, तपासणीचे आदेश निघाले. अशा प्रत्येक प्रकरणानंतर एक प्रश्न हमखास विचारला जातो : व्हॅन शाळेची होती की पालकांनी लावलेली? पालकांनी लावलेली असेल तर शाळेचा संबंध नाही, असे यात गृहीत धरलेले असते. गोंधळाचे मूळ इथेच आहे.

नियम काय सांगतो?

राज्याने २०११ मध्ये स्कूल बससाठी स्वतंत्र नियम केले. त्यानुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी. अध्यक्ष मुख्याध्यापक, सोबत पालकांचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस, मोटार वाहन निरीक्षक, शिक्षण विभाग आणि बस कंत्राटदार यांचे प्रतिनिधी. वाहनाची नोंदणी, विमा, परवाना, चालकाचे लायसन्स, प्रथमोपचार पेटी, अग्निशमन साधने तपासणे आणि भाडे व थांबे ठरवणे हे या समितीचे काम. बैठक दर तीन महिन्यांनी अपेक्षित आहे. गाडीत मुली असतील तर महिला मदतनीस हवी. महापालिका हद्दीत वेगमर्यादा ताशी ४० किलोमीटर.

कागदावर हे चोख आहे. पण तुमच्या शाळेच्या समितीत पालकांचा प्रतिनिधी कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे का? आम्ही ओळखीच्या काही पालकांना विचारले. बहुतेकांनी समिती आहे हेच पहिल्यांदा ऐकले. शाळांनी ती कागदापुरती ठेवली, हे खरे. पालकांनीही कधी चौकशी केली नाही, हेही तितकेच खरे.

स्कूल बसचे नियम बहुधा अपघातानंतरच जन्माला आले. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिल्लीच्या वझिराबाद पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळून २८ मुले दगावली. त्यानंतर दोनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील स्कूल बससाठी निर्देश दिले. पुढे २००५ मध्ये स्कूल बसच्या बांधणीचे ‘एआयएस-०६३’ हे मानक आले. ते प्रसिद्ध करणारी एआरएआय ही संस्था आपल्या वेताळ टेकडीवरच आहे. त्याच टेकडीखालच्या रस्त्यांवरून सात-आठ जणांच्या गाडीत बारा-पंधरा मुले कोंबलेली व्हॅन रोज जाते.

दार उघडते का?

मार्च २०२५ मध्ये हिंजवडीत एका कंपनीची कर्मचाऱ्यांना नेणारी मिनीबस पेटली. मागे बसलेल्या चौघांना बाहेर पडता आले नाही आणि त्यांचा मृत्यू झाला. आग चालकानेच लावली, असे पोलीस तपासात पुढे आले. ती स्कूल बस नव्हती. पण तशाच बांधणीच्या गाड्यांतून शाळकरी मुलेही प्रवास करतात. आत प्रौढ माणसे असूनही सुटका झाली नाही, तर पहिली-दुसरीतल्या मुलांचे काय होईल? संकटकालीन दार आहे का, ते आतून उघडते का, त्याला टेकून दप्तरे रचलेली नाहीत ना, हे पाहायला दोन मिनिटे लागतात.

हातातल्या फोनवर आणखी काही कळते. ‘एम-परिवहन’ अॅपमध्ये गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणी, योग्यता प्रमाणपत्र आणि विमा यांची मुदत दिसते. त्याआधी नंबरप्लेटच पाहा. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असतील तर ती खासगी नोंदणीची गाडी आहे आणि तिला भाड्याने मुले नेता येत नाहीत. अपघात झाला तर विमा कंपनी आधी याच मुद्द्यावर बोट ठेवते.

स्वस्त व्हॅन का चालते?

कारण परवडते. नियमाप्रमाणे मोजकीच मुले बसवायची, मदतनीस ठेवायची, कागदपत्रे वेळेवर करायची, तर काकांना भाडे वाढवावे लागते. वाढवले की पालक दुसरे काका शोधतात. २०२५ मध्ये राज्य सरकारने बारा आसनांपर्यंतच्या स्कूल व्हॅनसाठी जीपीएस आणि सीसीटीव्हीसह वेगळी नियमावली आणण्याचे जाहीर केले. छोट्या व्हॅनला नियमांच्या चौकटीत आणणे योग्यच आहे. पण कॅमेऱ्यातले चित्रण कोण आणि कधी पाहणार, हे ठरले नाही तर उपयोग होतो तो घटना घडून गेल्यावर, पुरावा म्हणून.

वानवडीतला प्रकार उघडकीस आला तो मुलीने घरी सांगितल्यामुळे. मूल व्हॅनमध्ये बसायला अचानक कुरकुर करू लागले, ठरावीक जागी बसायला नकार देऊ लागले, तर ‘नाटके करू नकोस’ म्हणण्याआधी त्याचे ऐकून घ्या. गैरप्रकाराची शंका आली तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक चोवीस तास सुरू असतो. आणि पुढच्या पालकसभेत सहलीच्या वर्गणीचा विषय निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांना एवढेच विचारा : परिवहन समितीची शेवटची बैठक कोणत्या तारखेला झाली, आणि तिचे इतिवृत्त पाहायला मिळेल का?