चिनी पायदळावर अन्याय



प्राचीन चिनी सैन्यात रथ हेच खरे बळ आणि पायदळ म्हणजे मागची गर्दी, हे गेल्या अंकातील लेखाचे म्हणणे मुळीच पटणारे नाही.

रथावर तिघे असत: सारथी, धनुर्धर आणि ‘ग’धारी योद्धा. ‘ग’ म्हणजे दांड्याला काटकोनात बसवलेले कांस्याचे पाते. हेच हत्यार पायदळही वापरी.

आणि इ.स.पू. 541 चे काय? डोंगराळ मुलखातल्या टोळ्यांशी लढताना जिन राज्याचा सेनानी वेइ शू याने अरुंद वाटांत रथ अडणार हे ओळखले आणि रथींना थेट पायी उतरवले. एका सरदाराच्या मर्जीतल्या माणसाने नकार देताच त्याचा शिरच्छेद झाला. जिनची सरशी झाली.

लेखकाने पुढील भागात या लढाईला जागा द्यावी, ही विनंती.

— एक वाचक